एका वर्षात चार बदल : आलमबागचा हिशेब

सरासरी १.९, प्रमाण विचलन २.६२. भारतातील प्रौढ माणसाच्या वाट्याला एका वर्षात किती तणावदायी घटना येतात, याचे हे मोजमाप आहे. गुरमीत सिंग, दलबीर कौर आणि हरशरण कौर यांनी ते १९८४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’त प्रसिद्ध केले. दोन आकड्यांपैकी पहिला लक्षात राहतो, पण माहिती दुसऱ्यात जास्त आहे. घटना एकमेकींपासून स्वतंत्र असत्या आणि त्यांची शक्यता सर्वांना सारखी असती, तर १.९ या सरासरीला १.३८ च्या आसपास विचलन मिळाले असते. प्रत्यक्षातले विचलन त्याच्या १.९ पट आहे. याचा अर्थ अनेकांचे वर्ष शून्य किंवा एका घटनेत संपते आणि काहींच्या एकाच वर्षात पाच-सहा घटना येतात.

या फरकाचा काही भाग माणसामाणसांतला आहे : कोणाचे आयुष्य मुळातच अस्थिर, कोणाचे स्थिर. उरलेला भाग घटनांच्या आपसातल्या नात्याचा आहे. एक बदल दुसऱ्याला सोबत आणतो, कारण दोघांचा पैसा, घर किंवा तारीख एकच असते. हे नाते सरासरीत दिसत नाही. ते एखाद्या वस्तीच्या नियमांत आणि रिवाजांत शोधावे लागते. लखनौमधील आलमबाग त्यासाठी सोयीचे आहे.

आलमबाग कानपूर रस्त्यावर, चारबाग स्टेशन आणि विमानतळ यांच्या मध्ये येते. उत्तर रेल्वेचे कॅरेज अँड वॅगन वर्कशॉप इथे आहे. लागूनच मानक नगरमध्ये १९५७ साली स्थापन झालेली रेल्वेची संशोधन संस्था, आरडीएसओ, आहे. त्यामुळे रेल्वे क्वार्टरच्या वसाहती इथल्या वस्तीचा मोठा भाग आहेत. दुसरा भाग फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांचा. ५ सप्टेंबर २०१७ रोजी लखनौ मेट्रोचा पहिला ८.५ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, त्याच्या ८ स्थानकांपैकी २ स्थानकांच्या नावात आलमबाग आहे. निवृत्ती, लग्न आणि विस्थापन या तीन निमित्तांनी बदल एकत्र येतात आणि तिन्ही इथे मोजता येतात.

मोजपट्टी

१९८४ च्या मोजपट्टीत ५१ घटना आहेत. प्रत्येकीला ० ते १०० मधले गुण आहेत. जोडीदाराचा मृत्यू ९५ गुणांसह पहिला आणि सहल किंवा तीर्थयात्रा २० गुणांसह शेवटची. मूळ कल्पना अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांची. १९६७ च्या त्यांच्या यादीत ४३ घटना होत्या. लग्नाला ठरावीक गुण देऊन ३९४ जणांकडून बाकीच्या घटना त्याच्याशी तोलून घेतल्या होत्या.

दोन्ही याद्यांचे गुण थेट ताडून पाहणे फसवे ठरते. घर बदलण्याला अमेरिकेत २० गुण, भारतात ३९. भार दुप्पट दिसतो. क्रम पाहिला तर फरक नाहीसा होतो : तिथे ४३ पैकी ३२ वा, इथे ५१ पैकी ३८ वा. दोन्हीकडे ही घटना यादीच्या शेवटच्या चतुर्थांशाच्या उंबरठ्यावर आहे. खरा फरक इतरत्र आहे. निवृत्ती अमेरिकेत १० व्या क्रमांकावर, भारतात ४२ व्या. स्वतःचे लग्न तिथे ७ वे, इथे ३५ वे. मुलामुलीने घर सोडणे तिथे २३ वे, इथे १६ वे. भारतीय यादीत मुलीचे किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न ४९ गुणांचे आहे आणि स्वतःचे ४३ चे. करणाऱ्यापेक्षा लावून देणाऱ्याचा भार ६ गुणांनी जास्त.

साठाव्या वर्षाचे १६९

केंद्र सरकारचा कर्मचारी वयाची ६० वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. ही तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मोठ्या बदलांपैकी इतका आगाऊ कळणारा दुसरा बदल नाही. तरीही तो एकटा येत नाही. निवृत्ती ३५, घर बदलणे ३९, घर घेणे किंवा बांधणे ४६, मुलीचे लग्न ४९ : बेरीज १६९. यांपैकी एकही घटना ५० ला पोहोचत नाही, पण चौघींची बेरीज जोडीदाराच्या मृत्यूच्या १.८ पट होते. संख्येच्या भाषेत, वर्षाला १.९ या सरासरीच्या दुप्पट.

चौघी एकत्र का येतात, याचे उत्तर पैशाच्या वेळापत्रकात आहे. हिशेबासाठी मूळ वेतन ६०,००० रुपये, सेवा ३३ वर्षे आणि महागाई भत्ता जुलै २०२५ च्या दराने ५८ टक्के धरू. १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्या, जुनी पेन्शन असलेल्या कर्मचाऱ्याचे हे गणित आहे.

शेवटचा पगार : मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ९४,८०० रुपये. ग्रॅच्युइटी त्याच्या साडेसोळा पट, म्हणजे १५,६४,२०० रुपये. ३०० दिवसांच्या शिल्लक रजेचे रोखीकरण ९,४८,००० रुपये. पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे ३०,००० रुपये. तिच्या ४० टक्के भागाची ८.१९४ या गुणकाने विक्री केली तर ११,७९,९३६ रुपये. एकूण ३६.९२ लाख. भविष्य निर्वाह निधी यात धरलेला नाही. ही रक्कम ३९ महिन्यांच्या पगाराइतकी आहे आणि बहुतेक कर्मचाऱ्यांच्या हाती एवढी रक्कम एकदम येण्याचा हा एकच प्रसंग.

दुसऱ्या बाजूला महिन्याचे उत्पन्न. विक्रीनंतर पेन्शन १८,००० उरते. महागाई भत्ता मात्र मूळ ३०,००० वर मिळतो : १७,४००. हातात ३५,४०० रुपये, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३७ टक्के. एका महिन्यात ६३ टक्क्यांची घट. विकलेला भाग १५ वर्षांनी, वयाच्या पंचाहत्तरीत, पूर्ववत होतो.

तिसरी बाजू घराची. निवृत्तीनंतर रेल्वे क्वार्टर नेहमीच्या भाड्यात ४ महिने ठेवता येते. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण या कारणांसाठी आणखी ४ महिने मिळतात, भाडे दुप्पट. थोडक्यात, ३७ लाख हाती येतात आणि ४ महिन्यांची मुदतही त्याच दिवशी सुरू होते. घर घेणे आणि घर बदलणे या दोन घटना अशा रीतीने निवृत्तीला बांधल्या जातात. मुलीचे लग्न कोणत्याही नियमाने बांधलेले नाही. ते त्याच रकमेने बांधले जाते.

क्वार्टर ठेवण्याच्या मुदतीत आणखी एक गोष्ट दिसते. बदली झाल्यास नेहमीच्या भाड्यात २ महिने, निवृत्तीला ४, सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला २४. मोजपट्टीवर त्याच क्रमाने ३३, ३५ आणि ९५. नियम करणाऱ्यांनी मोजपट्टी वापरलेली नाही, तरी क्रम जुळतो. प्रमाण जुळत नाही : मृत्यूचा भार निवृत्तीच्या २.७ पट, मुदत ६ पट. आणि निवृत्तीची मुदत बदलीच्या दुप्पट असली तरी बदली झालेल्याचा पगार चालू असतो, निवृत्ताचा ६३ टक्के गेलेला असतो.

लग्न एक, बेरजा दोन

दुसरे निमित्त लग्नाचे. नवऱ्याच्या खात्यात दोन नोंदी : लग्न ४३, घरात नवा सदस्य ३०, बेरीज ७३. नवरीच्या खात्यात याच दोन आणि तिसरी घर बदलण्याची, ३९. बेरीज ११२. तिने नोकरी सोडली तर ‘स्वतः किंवा कुटुंबीय बेरोजगार’ ही ५१ गुणांची नोंद जमेला येते आणि बेरीज १६३ होते. तारीख एक, मांडव एक, भार २.२ पट.

ही तिसरी नोंद किती जणींच्या खात्यात पडते, याचे उत्तर नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या स्थलांतर अहवालात आहे. देशातील ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित आहेत; पुरुष १०.७ टक्के. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे हलल्या. दोन्ही आकड्यांचा गुणाकार ४१.६ टक्के : देशातील दर पाचांपैकी दोन स्त्रियांच्या आयुष्यात लग्न आणि घरबदल यांची तारीख एकच होती. पुरुषांचे नोकरी, शिक्षण, लग्न अशा सर्व कारणांचे मिळून स्थलांतर याच्या पावपट आहे. २००७-०८ च्या पाहणीत एकूण स्थलांतराचा दर २८.५ टक्के होता, २०२०-२१ मध्ये २८.९. १३ वर्षांत ०.४ टक्केबिंदूंची वाढ. या काळात रस्ते, रेल्वे आणि मोबाइल वाढले. हा दर जवळजवळ तिथेच राहिला.

चौथ्या नोंदीचा, म्हणजे नोकरी सुटण्याचा, आकडा जागतिक बँकेच्या ऑक्टोबर २०२४ च्या दक्षिण आशिया अहवालात मिळतो. भारतात लग्नानंतर स्त्रियांच्या रोजगाराचा दर १२ टक्केबिंदूंनी घसरतो. लग्नापूर्वीच्या दराचा हा सुमारे एक तृतीयांश भाग आहे. मूल नसले तरी घसरण होते. पुरुषांचा रोजगार लग्नानंतर १३ टक्केबिंदूंनी वाढतो. एकाच घटनेची दोन टोके जवळजवळ सारख्या अंतरावर, विरुद्ध दिशांना.

हा आकडा येत्या वर्षांत जास्त महत्त्वाचा होईल, कारण सोडण्यासाठी नोकरी असलेल्या स्त्रिया वाढत आहेत. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ३७.० आणि २०२३-२४ मध्ये ४१.७. शेवटच्या एका वर्षातील वाढ ४.७ टक्केबिंदू. फोड केल्यावर चित्र बदलते. ग्रामीण सहभाग सहा वर्षांत २४.६ वरून ४७.६ वर गेला, शहरी २०.४ वरून २८.० वर. आलमबागसारख्या शहरी वस्तीला दुसरा आकडा लागू होतो. शिवाय काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगाराचा वाटा ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला आहे. घरबदलानंतर स्वयंरोजगार टिकेल की नाही, हे गिऱ्हाईक नव्या पत्त्यापासून किती दूर आहे यावर ठरते.

घरातल्या वेळेचा हिशेब त्यामानाने कमी हलतो. वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटे होता, २०२४ मध्ये २८९. पुरुषांचा ९७ वरून ८८. दोघांचाही वेळ १० मिनिटांच्या आसपास घटला. अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले.

मराठी वाचकाने थांबावे असा आकडा वयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न १८ पूर्वी झाले, त्यांचे प्रमाण उत्तर प्रदेशात २०१५-१६ मध्ये २१.१ टक्के होते, २०१९-२१ मध्ये १५.८. महाराष्ट्रात ते २६.३ वरून २१.९ वर आले. दोन्ही राज्यांत घट आहे, पण महाराष्ट्र उत्तर प्रदेशाच्या ६.१ टक्केबिंदू वर राहिला. या मुलींपैकी जिची शाळा लग्नाने सुटते, तिच्या खात्यात ‘शिक्षण सुरू होणे किंवा संपणे’ ही ३६ गुणांची नोंदही त्याच तारखेला पडते. बेरीज १४८, वय अठराच्या आत.

मोजपट्टीतही एक उणीव आहे. ‘पत्नीने नोकरी धरणे किंवा सोडणे’ या घटनेला २५ गुण आहेत आणि ही नोंद पतीच्या जागेवरून लिहिलेली आहे. तीच घटना पत्नीच्या जागेवरून ५१ ची बेरोजगारी ठरते. १९६७ च्या अमेरिकी यादीतही हीच नोंद याच बाजूने आहे, गुण २६.

१९४७ : तारीख न निवडलेले

तिसऱ्या निमित्तात निवडीला जागाच नव्हती. १९५१ च्या जनगणनेनुसार फाळणीत पाकिस्तानातून भारतात आलेल्यांची संख्या ७० लाखांहून अधिक. मालमत्तेचे नुकसान ६१, आर्थिक फटका ५४, बेरोजगारी ५१, घरबदल ३९ : ज्या कुटुंबात एकही मृत्यू झाला नाही, त्याचीही बेरीज २०५. जवळच्या नातलगाच्या मृत्यूचे ६६ धरले तर २७१.

लखनौच्या लोकसंख्येत हा लोंढा शोधायला गेले तर तो सापडत नाही. १९३१ मध्ये शहर २,७४,६५९ लोकांचे होते, १९४१ मध्ये ३,८७,१७७ आणि १९५१ मध्ये ४,९६,८६१. फाळणीपूर्वीच्या दशकात वाढ ४१ टक्के, फाळणीच्या दशकात २८. निर्वासित आले त्या दशकात शहर हळू वाढले, कारण त्याच काळात अनेक मुस्लिम कुटुंबे शहर सोडून पाकिस्तानला गेली. निव्वळ आकडा दोन्ही प्रवाह झाकतो. दिल्लीत ते झाकले गेले नाहीत : शहर आणि आसपासची गावे धरून दिल्लीची लोकसंख्या ९.१८ लाखांवरून १७.४४ लाखांवर गेली, वाढ ९० टक्के. महाराष्ट्रात हे चित्र कल्याणच्या लष्करी छावणीत दिसले. ९० हजारांहून अधिक सिंधी निर्वासित तिथे राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

या घटनांत भरपाईची तारीख सर्वांत मागे पडली. दाव्यांच्या पडताळणीचा कायदा १९५० चा, भरपाई आणि पुनर्वसनाचा १९५४ चा. घर, धंदा आणि गाव १९४७ मध्ये एकाच वेळी गेले. बदल्यात मिळायचे ते सात वर्षांनी कायद्यात आले. निवृत्तीच्या गणितात पैसा घटनांना एकत्र खेचतो. इथे घटना एकत्र आल्या आणि पैसा मागे राहिला.

बेरजेची ताकद किती

होम्स-राही यादीसोबत एक इशारा नेहमी छापला जातो : वर्षाची बेरीज ३०० च्या वर गेली तर आजाराची शक्यता ८० टक्के, १५० ते २९९ असेल तर ५० टक्के. राही आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये अमेरिकी नौदलाच्या तीन जहाजांवरील सुमारे २,५०० खलाशांवर हे तपासले. आधीच्या बदलांची बेरीज आणि समुद्रावरचे आजारपण यांचा सहसंबंध ०.११८ निघाला. त्याचा वर्ग ०.०१४ : आजारपणातील फरकाचा १.४ टक्का बेरजेने समजतो, ९८.६ टक्के समजत नाही. संबंध आहे, पण एका माणसाचे भविष्य सांगण्याइतका नाही.

भारतीय पाहणीचा निष्कर्षही त्याच दिशेचा. सर्वसाधारण प्रौढ माणूस आयुष्यात सरासरी १० तणावदायी घटनांतून जातो आणि त्याच्यात शारीरिक किंवा मानसिक बिघाड उघडपणे दिसत नाही. बेरजेतील गृहीतकही लक्षात ठेवावे : ३५ आणि ३९ एकत्र आले की ७४ च होतात, ७० किंवा ९० नाहीत, हे यादी मानून चालते, सिद्ध करत नाही. १६९ हा रोगाचा अंदाज नव्हे. एका वर्षात किती निर्णय, किती खर्च आणि किती धावपळ एकत्र येणार, याचा तो तक्ता आहे. नियोजनासाठी तेवढे पुरते.

बेरीज तीच, शिखर खाली

आलमबागच्या चार घटनांपैकी एकीची तारीख पक्की आहे : निवृत्ती. घरबदल तिच्यापासून ८ महिन्यांपलीकडे जात नाही. उरलेल्या दोन, घर आणि लग्न, हलवता येतात.

घराची तारीख हलवण्याचे साधन सेवेतच आहे. घरबांधणी अग्रिमाची मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती. ६०,००० मूळ वेतनाला ती २०.४ लाख होते, म्हणजे निवृत्तीच्या ३६.९२ लाखांच्या ५५ टक्के. त्याची किंमतही आहे. व्याज द्यावे लागते, आणि क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नसल्याने नवे घर रिकामे राहिले तर हप्ता पूर्णपणे पगारातून जातो. लखनौ ‘वाय’ वर्गातील शहर आहे. तिथला भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के, महिना १२,००० रुपये. क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात गेल्यास तो हप्त्याला लागतो.

घर पाच वर्षे आधी घेतले आणि लग्न निवृत्तीच्या वर्षातून बाहेर काढले, तर ४६ आणि ४९ वेगवेगळ्या वर्षांत जातात. निवृत्तीच्या वर्षात ३५ आणि ३९ उरतात : ७४. चार घटनांची बेरीज १६९ च राहते, सर्वांत जड वर्षाचा भार ५६ टक्क्यांनी कमी होतो. नवरीच्या गणितातही तसेच. लग्नानंतर नोकरी वर्षभर टिकली, तर त्या वर्षाची बेरीज १६३ ऐवजी ११२ राहते, ३१ टक्के कमी. इथे साधन अग्रिमाचे नाही, नव्या पत्त्यापासून कामाच्या अंतराचे आहे. लखनौ मेट्रोचा २२.८७ किलोमीटरचा, २१ स्थानकांचा मार्ग मार्च २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आसपासच्या घरांत हे अंतर मिनिटांत मोजता येते, बाकी शहरात अजून नाही.

पुढची पिढी वेगळ्या वेळापत्रकावर आहे. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना : कर्मचारी १० टक्के, सरकार १४ टक्के, निवृत्तीला ६० टक्के एकरकमी, ४० टक्क्यांची वार्षिकी. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्यायही आहे : २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के. पहिल्या योजनेत एकरकमी वाटा मोठा, दुसरीत खात्रीची पेन्शन जास्त. एकरकमी वाटा जितका मोठा, तितक्या घटना निवृत्तीच्या तारखेला चिकटतात. २००४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वर्कशॉपमध्ये लागलेला कर्मचारी २०३९ मध्ये निवृत्त होईल. त्याच्या चार तारखांपैकी दोन अजून ठरलेल्या नाहीत.